सिकलसेलच्या रोग्याची झोप

भंडारा जिल्ह्यात, आणि साऱ्या पूर्व विदर्भात, सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. आई आणि बाप या दोघांकडून रक्तातला दोष आला, म्हणजे मुलाला हा आजार होतो. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या रोग्याच्या पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक शिरांत अडकतात. पुढे रक्त जात नाही. मग हाडे ठणकतात. ठणक लागली की झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणे जास्तच जाणवते.

आधी पाण्याचे पाहू. या रोग्याचे मूत्रपिंड पाणी नीट धरून ठेवत नाही. म्हणून तो रात्री दोनतीनदा लघवीला उठतो. लहान पोर अंथरूण ओले करते. घरची माणसे म्हणतात, "संध्याकाळपासून पाणी देऊ नका, म्हणजे नीट झोपेल." हे उलटेच होते, बरे का! लघवी तर होतेच. वर अंगातले पाणी कमी पडते, पेशी अधिक वाकतात आणि दुखणे उसळते. तेव्हा पाणी तोडू नका. दिवसभर थोडेथोडे पाजत राहा. उशाशी तांब्या भरून ठेवा. जायच्या वाटेवर दिवा असू द्या. अंथरूण ओले करणाऱ्या पोराला मारू नका, त्याचा त्यात काय दोष?

गारठ्यानेही दुखणे येते. रोवणीच्या दिवसांत माणूस बांधीत भिजतो आणि रात्री त्याचे हातपाय ठणकतात. घरी येताच ओले कपडे बदलावेत. दुखरी जागा गरम फडक्याने शेकावी. बर्फ लावू नये. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती सांगितल्या वेळी घ्यावी. सोसत बसू नये.

कोणी म्हणेल, मोहाची घोटभर घे, झोप लागेल. दारूने गुंगी येते, झोप नव्हे. आणि अंगातले पाणी जाते ते वेगळेच. झोपेची गोळीही आपल्या मनाने घेऊ नका. तिने श्वास मंद होऊ शकतो.

पोर रोज मोठ्याने घोरते का? लोक म्हणतात, गाढ झोपले आहे. पण घशातल्या गाठी वाढल्या तरी पोर घोरते. हवा कमी मिळते आणि पेशी वाकतात. डॉक्टरांना हे जरूर सांगा.

रात्र जागून काढली तर सकाळी थोडे निजू द्या, पण दिवसभर नको. लाजाळूचे झाड रात्री पाने मिटते. १७२९ साली फ्रान्समधल्या एका विद्वानाने ते अंधारात ठेवून पाहिले. तरी ते दिवसा पाने उघडी आणि रात्री मिटी! घड्याळ झाडाच्या आतच आहे. आपल्याही अंगात तसे घड्याळ आहे. सकाळच्या उजेडाने ते ठीक चालते. म्हणून रोग्याला सकाळी ओट्यावर बसवा.

ताप चढला, छातीत दुखू लागले, धाप लागली, किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर उजाडायची वाट पाहू नका. रात्रीच १०८ ला फोन करा आणि तपासणीचे कागद बरोबर घ्या.