ब्रिटिश हेलिकॉप्टरांचा वाळवंटी जमाखर्च

ज्या देशात दोन दिवस सलग ऊन पडले तरी त्याची वार्ता व्हावी, त्या देशाच्या सैन्याला गेल्या साठ वर्षांत आपली हेलिकॉप्टरे वारंवार वाळवंटात न्यावी लागली, हा साम्राज्याने मागे ठेवलेल्या देण्याघेण्याचाच एक चमत्कारिक भाग होय. १९६४ साली एडनच्या उत्तरेस रॅडफानच्या रुक्ष डोंगरांत हवाई दलाची बेल्व्हेडियर आणि नौदलाची वेसेक्स हेलिकॉप्टरे राबली. १९९१ च्या आखाती युद्धात प्यूमा, लिंक्स आणि चिनूक अरबस्तानात उतरली. तेव्हा अनुभव नव्हता, असे कोणासही म्हणता येणार नाही. तरीही २००१ च्या शरदऋतूत ओमानमध्ये झालेल्या ‘सैफ सरीया २’ या वीस हजारांहून अधिक माणसांच्या युद्धसरावात लिंक्सच्या मुख्य रोटरची जी पाती एरवी ५०० तास टिकावयाची, ती अवघ्या २७ तासांत बाद होऊ लागली. रणगाड्यांना वाळवंटी साज चढविण्याचा खर्च त्या सरावापुरता टाळण्यात आला होता. परिणामी काहींच्या हवागाळण्या चार तासांत तुंबल्या. ही हकीकत कोणा विरोधी पक्षीयाने नव्हे, तर राष्ट्रीय हिशेबतपासणी कार्यालयाने पुढील वर्षीच्या आपल्या अहवालात नमूद केलेली आहे.

वाळूचे हे कर्तृत्व समजावयास यंत्रशास्त्रात फार खोल शिरण्याचे कारण नाही. रोटरच्या पात्याचे टोक सेकंदाला दोनशे मीटरांहून अधिक वेगाने फिरते, आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसविलेल्या टायटॅनियम वा निकेलच्या पट्टीवर वाळूचे कण त्या वेगाने आदळत राहतात. अंधाऱ्या रात्री उतरणाऱ्या हेलिकॉप्टराभोवती जे ठिणग्यांचे तेजोवलय दिसते, ते पाहणाऱ्यास मनोहर वाटले तरी वस्तुतः ती झिजणाऱ्या धातूची राख असते. धातूवर पॉलियुरेथेनची चिकटपट्टी लावावी, तर ती वाळूला बऱ्यापैकी तोंड देते, परंतु पावसाच्या माऱ्याने लवकर सोलवटते. धातूचा स्वभाव नेमका याच्या उलट. अर्थात इंग्लंडच्या रिमझिमीस जे मानवते ते ओमानमध्ये कुचकामी ठरते, आणि एकाच यंत्राकडून दोन्ही हवामानांची चाकरी घेऊ पाहणाऱ्याची त्यामुळे सदैव ओढाताण होते.

इंजिनाची कथा याहून गहन आहे. आत शिरलेले कण प्रथम कॉम्प्रेसरची पाती खरवडतात, आणि जी अतिसूक्ष्म धूळ गाळणीलाही दाद देत नाही, ती ज्वलनकक्षाच्या उष्णतेत वितळून पुढे टर्बाइनवर काचेच्या लेपाप्रमाणे जमते व तेथील थंडाव्याची छिद्रे बुजविते. उपाय आहे: आत येणाऱ्या हवेला नळ्यांतून गिरकी देऊन जड कण बाजूस फेकणाऱ्या विलगकांचा. पण हा बंदोबस्त इंजिनाच्या शक्तीचा काही हिस्सा वसूल करतो, आणि तोही तप्त, विरळ हवेने ती शक्ती आधीच घटविलेली असताना.

अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतातील कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश तळावर २००६ पासून या सर्व अडचणींची एकत्र गाठ पडली. लिंक्सचे जुने मॉडेल तेथील उन्हाळ्यात दिवसा जवळजवळ निरुपयोगी ठरले. अधिक समर्थ इंजिनांचे ‘९ए’ मॉडेल तेथे २०१० साली दाखल झाले. दरम्यान इंग्लंडमधील ओडिहॅम तळावरून आलेली चिनूक जखमींना आणण्यासाठी धुळीच्या लोटांत पुनःपुन्हा उतरत होती. ती चालती ठेवण्याचे श्रेय ज्या तंत्रज्ञांना आहे, त्यांच्या कामात भव्य असे काहीच नव्हते: रोटर थांबताच इंजिनांच्या तोंडांवर झाकणे घालणे, कॉम्प्रेसर पाण्याने धुणे, सांध्यांवरचे फाजील ग्रीस पुसणे, कारण ग्रीसमध्ये मिसळलेली वाळू धातूस पॉलिश-कागदासारखी घासते. वैमानिकांना पदके मिळाली आणि ती योग्यच होती. या मंडळींची नावे मात्र क्वचितच छापून आली.

याच काळात विल्टशरमधील बॉस्कोम डाउन येथे, तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवणाऱ्या शेडमध्ये, आठ कोरी चिनूक हेलिकॉप्टरे उभी होती. १९९५ साली मागविलेल्या आणि २००१ साली हाती आलेल्या या ताफ्याच्या सॉफ्टवेअरची सुरक्षितता सिद्ध करता न आल्यामुळे त्यांच्या उड्डाणास पूर्ण परवानाच मिळाला नव्हता. हेल्मंडमधील यंत्रे वाळू खात असता ही आठ धुळीच्या कणापासूनही जपली जात होती! अखेर त्यांना साध्या रूपात परत आणण्याची तजवीज झाली, आणि २०१० च्या सुमारास ती सेवेत आली. दप्तरी दिरंगाईने वाळूपेक्षा अधिक नुकसान केले, असे माझे मत आहे.

आपल्याकडे जोधपूरच्या तळावर भारतीय लष्कराच्या अपाचे हेलिकॉप्टरांची तुकडी उभी राहिली आहे, आणि तिची पहिली यंत्रे जुलै २०२५ मध्ये देशात आली. ओमानच्या सरावावरील तो ब्रिटिश अहवाल कोणासही वाचावयास खुला आहे. जोधपूरच्या तंत्रशाखेत आणि नाशिकच्या लष्करी वैमानिक-प्रशालेत, तसेच विशेषतः दिल्लीत खर्चाच्या मंजुरीवर सही करणाऱ्यांच्या मेजावर, तो अवश्य असावा.