मेघराजांचे बिऱ्हाड

संगणकाच्या ज्या नव्या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणतात, तिच्याइतके फसवे नाव शोधून सापडायचे नाही. आपल्या सरकारने तर बारसे आणखी थाटात केले. २०१४ साली सुरू झालेल्या सरकारी क्लाउडचे नाव ‘मेघराज’! ऐकणाऱ्याला वाटावे, कालिदासाच्या यक्षाच्या निरोपाबरोबर आपली कागदपत्रेही अलकानगरीला निघाली.

प्रत्यक्षात या मेघराजांच्या भाऊबंदांचे एक मोठे बिऱ्हाड आपल्या दाराशीच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला कधी गेलात, तर तिथल्या धिप्पाड इमारती पाहून ठेवा. खिडक्या नावालाच. आत संगणकांच्या फडताळांच्या रांगा, त्यांना गार ठेवणारी यंत्रे, आणि वीज गेलीच तर चालू करायला डिझेलची जनित्रे. समुद्राखालून परदेशाहून येणाऱ्या तारा वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही गोदामे मुंबईच्या आसपास. आपल्या नातवाचा फोटो ‘ढगात’ गेला, म्हणजे अशाच एखाद्या गोदामात गेला. मग ते रबाळ्याचे असो की सातासमुद्रापलीकडचे.

कल्पना कालची नाही. टेलिफोनसारखीच संगणकाचीही एक दिवस सार्वजनिक सोय होऊ शकेल, असे अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच बोलून ठेवले होते. पुस्तके विकता विकता मोठ्या झालेल्या अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली हा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला. आपल्या आज्यांनी जाते सोडून गिरणीची वाट धरली, त्यातलाच हा प्रकार! जेवढे दळण, तेवढीच दळणावळ. गिरणी विकत घ्यायला नको, की तिचा पट्टा तुटला म्हणून आपली झोपमोड नको.

धंद्याला हे फारच मानवले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला (निकालाची आठवण नको!), तेव्हा हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाखांपर्यंत प्रेक्षक होते. एवढ्या गर्दीला पुरतील इतके संगणक विकत घेऊन वर्षभर कोण पोसणार? मांडववाल्याकडून खुर्च्या आणाव्यात तसे ते भाड्याने आणायचे आणि कार्य उरकले की परत करायचे.

आमच्या ओळखीचे एक साड्यांचे दुकानदार आहेत. त्यांचा सारा हिशेब, उधारीसकट, अशाच एका कंपनीच्या गोदामात असतो. महिन्याचे भाडे भरले की फोनवर सगळे हजर. लक्ष्मीपूजनाला मात्र ते कोरी चोपडी आणून पुजतात. वर्षभर तिच्यात एक ओळ पडत नाही. गेल्या वर्षी ऐन धनत्रयोदशीला बँकेतल्या काही घोटाळ्याने भाडे पोहोचले नाही, आणि दोन दिवस कोणाकडून किती येणे आहे हे स्वतः शेटजींनाच कळेना. माल आपला, किल्ली दुसऱ्याची!

घरातही हेच. २०१५ साली निघालेल्या डिजिलॉकरने दाखल्यांच्या भेंडोळ्या फोनवर आणल्या, हे उपकारच म्हणायचे. पण फोटोंचे पाहा. गूगलची फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. नव्या फोटोंना टपालासकट १५ जीबीची कोठी, आणि ती भरली की भाडे. तोवर बारशापासून मुंजीपर्यंत सारे तिकडे जाऊन पडलेले. बिऱ्हाड हलवणार कुठे?

भाड्याचे एक वेळ सोसेल. पण गोदामालाच आग लागली तर? दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी तसेच घडले. देजॉन शहरातल्या सरकारी संगणक-केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला. तिथे सरकारी नोकरांच्या कागदपत्रांची ८५८ टेराबाइटची कोठी होती. ती इतकी अवाढव्य, की तिची दुसरीकडे प्रतच ठेवलेली नव्हती! सारे खाक झाले. ज्यांनी आज्ञेबरहुकूम कचेरीतल्या संगणकात काही न ठेवता सगळे तिथे नेऊन ठेवले, त्यांचेच नुकसान सर्वांत जास्त.

आमच्या सौभाग्यवतींनी ही बातमी वाचली आणि एक हार्ड डिस्क मागवली. आता वर्षाचे फोटो दिवाळीपूर्वी त्या डबीत उतरतात. भाऊबीजेला मेहुणे पुण्याहून येतात ते स्वतःची तसलीच डबी घेऊन. ती आमच्या कपाटात राहते, आणि आमची चिवड्याच्या डब्याबरोबर पुण्याला जाते.