दुकानाच्या पायाखालचा खासरा
लेखमाला : जागा आणि दावा – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण इसार पावती, साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक पाहिला. या आठवड्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे : ज्याने खरेदीखत करून दिले, त्याच्याकडे विकण्याजोगा हक्क होता का? बीड जिल्ह्यात हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. धुळे–सोलापूर महामार्ग रुंद झाला, 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि रस्त्याकडेच्या शेतांना व्यापारी भाव आला. काल जिथे ज्वारी होती तिथे आज मंगल कार्यालय, गोदाम, गाळे उभे राहतात. या जागांचे दावे वरून व्यापारी दिसतात, पण त्यांतले अवघड दावे सत्तर वर्षांपूर्वीच्या शेतीच्या कागदांवर अडतात. म्हणून या जिल्ह्यात व्यापारी जागांचे दावे चालवणाऱ्या वकिलाला युक्तिवादापेक्षा महसुली दप्तर वाचता येणे जास्त गरजेचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

कारण इतिहासात आहे. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पश्चिम महाराष्ट्राचा 1948 चा कुळकायदा इथे लागू नाही. इथे 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा चालतो. इनामे रद्द करणारा कायदाही वेगळा, 1954 चा. निर्वाहासाठी दिलेली मदतमाशसारखी इनामे त्याने संपवली आणि जमीन कसणाऱ्याला भोगवटादार केले. पण ती विकताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट ठेवली. मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी असलेल्या इनामांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. त्यामुळे एकाच शिवारात एकमेकांना बांध लागून असलेल्या तीन शेतांची कायदेशीर जात तीन प्रकारची असू शकते : एक निर्वेध मालकीचे, एक भोगवटादार वर्ग 2 चे (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारे), एक देवस्थानाचे. माती एक, पीक एक, गाळ्यांचे बांधकामही एकसारखेच. फरक फक्त कागदात आहे.

तो कागद कसा वाचायचा? सातबाऱ्यावर नावाशेजारी बारीक वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक धरून मूळ फेरफार काढायचा, त्यातून आधीचा, त्यातून त्याच्याही आधीचा, असे करत 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या शेतवार महसुली नोंदीपर्यंत पोचायचे. कंस केलेले प्रत्येक नाव का वगळले गेले, वारसाने की विक्रीने, हे पाहायचे. ‘इतर हक्क’ या रकान्यातले कूळ, इनाम, वर्ग 2 हे शेरे पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरले आहेत का, हे ताडून घ्यायचे. सातबारे पुन्हा लिहिले गेले, पुढे संगणकावर चढले. अशा वेळी एखादा शेरा सुटला, तर तो आजच्या उताऱ्यावर दिसत नाही. पण शेरा सुटला म्हणून अट सुटत नाही. काही ठिकाणी तर मुंतखब, म्हणजे निजामकाळातला इनामाचा दाखला, उर्दू वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की एवढ्या खोलात जायचे कारण काय? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, खरेदीखत सरकारदरबारी नोंदवले जाते आणि बँक 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतेच. पण आजपासून 30 वर्षे मागे गेलो, तर आपण 1990 च्या दशकात थांबतो आणि अट जन्मली ती 1950 च्या दशकात. सातबारा हा मुळात सारावसुलीचा अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. आणि नोंदणी? तमिळनाडूतल्या के. गोपी प्रकरणात एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार 1908 च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकाला दिलेलाच नाही. दस्त नोंदवला गेला याचा अर्थ मालकी पक्की झाली असा होत नाही. ती तपासायची जबाबदारी घेणाऱ्यावर, म्हणजे त्याच्या वकिलावर येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यापारी तंटे लवकर सुटावेत म्हणून 2015 मध्ये व्यापारी न्यायालयांचा कायदा आला, 2018 मध्ये दाव्याच्या रकमेची मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आणली गेली. मग जुन्या कागदांची एवढी काळजी कशाला? कायदा चांगला आहे. त्यात कैफियतीला 120 दिवसांची कमाल मुदत आहे, आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या अंबालाल साराभाई निकालाप्रमाणे जागा व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असली तरच तिचा तंटा व्यापारी ठरतो. पुढे वापरली जाईल एवढे पुरत नाही. बिगरशेती (एनए) होऊन रिकामा पडलेला प्लॉट त्यात बसत नाही. शिवाय जमिनीवर कूळ होते का, असा प्रश्न दाव्यात निघाला तर दिवाणी न्यायालय तो स्वतः ठरवत नाही, तहसीलदारांकडे पाठवते. मशीद-दर्ग्यांच्या जमिनींबाबतचा वक्फचा प्रश्न वक्फ न्यायाधिकरणापुढे जातो. वेगवान न्यायालयाचा दावाही मग त्या निर्णयाची वाट पाहत थांबतो.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा : वकील असे उकरत बसले तर एकही सौदा व्हायचा नाही. इथे वकिलाच्या कामाचा खरा कस आहे. दोष सापडला की सौदा मोडा, असे सांगणे सोपे आहे. कोणता दोष भरून निघतो आणि कोणता निघत नाही, हे वेगळे करून सांगणे अवघड. वर्ग 2 च्या जमिनीची परवानगी राहिली असेल, तर नियमात असेल तिथे नजराणा भरून ती वाट मोकळी होऊ शकते. तो खर्च कोणी सोसायचा हे करारात लिहिता येते. वारसाची सही राहिली असेल तर घेता येते. देवस्थानाची जमीन मात्र पुजाऱ्याच्या किंवा मुजावराच्या वारसाने विकली म्हणून घेणाऱ्याची होत नाही. तिथे थांबणेच शहाणपणाचे. आणि तपासणी वायाही जात नाही. वरवरच्या मालकाकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 41 काही प्रसंगी संरक्षण देते, पण वाजवी काळजी घेतली असेल तरच. ज्याने खासऱ्यापर्यंत कागद काढले, त्याच्याकडे न्यायालयात त्या काळजीचा पुरावा असतो.

गाळा घेणारा अनेकदा आयुष्यभराची बचत आणि वर बँकेचे कर्ज त्यात घालतो. इमारत उभी राहिल्यावर हरकत आली तर त्याचे हप्ते थांबत नाहीत, दावा मात्र थांबून राहतो. म्हणून इसार देण्याआधी त्याने वकिलाला विचारायचा प्रश्न एवढाच : ‘तुम्ही कोणत्या सालापर्यंत मागे गेलात?’ उत्तर 1954-55 च्या अलीकडचे असेल, तर काम अजून अर्धेच झाले आहे.

पुढील भागात : दावा चालू असताना विकलेली जागा आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 52.