मोबाईल पाऊच: माप फोनचं नाही, कव्हरसकट फोनचं घ्या

खणाच्या फोमवाल्या मोबाईल पाऊचचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणींनी शिवायला घेतला. व्हिडिओत हात भरभर चालतात, मापं मागे राहतात. म्हणून इथे निवांत लिहितेय. आणि त्याआधी माझी एक फजिती.

दुकान सुरू केलं त्या वर्षी संक्रांतीच्या वाणासाठी एका काकूंनी ५० पाऊच सांगितले, ७० रुपये नग. मी माझा फोन टेबलावर ठेवला, खडूने कडेने रेघ मारली, थोडी माया सोडली आणि ५० च्या ५० एकदम कापले. हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी काकूंचा फोन, "अगं, पाऊच दिसायला छान आहेत, पण माझा फोनच आत जात नाही. सुनेचाही नाही." जाणार कसा? मी उघडा फोन मोजला होता, आणि बायकांच्या फोनला जाड बॅक कव्हर असतं. त्यात फोमने आतली जागा खाल्ली. दोन रात्री जागून सगळे नवीन शिवून दिले, कापड माझ्या खिशातून. जुने ५० नंतर चष्म्याचे कव्हर म्हणून हळूहळू खपले, ते नशीब.

तर आता माप. फोन कव्हरसकट मोजा: लांबी, रुंदी आणि जाडी. जाडी सगळ्या विसरतात, आणि पाऊच तिथेच अडकतो. सध्याचा मोठा फोन कव्हरसकट साधारण ६¾ इंच लांब, ३¼ रुंद आणि अर्धा इंच जाड धरा. हिशोब असा: रुंदी अधिक जाडी अधिक फोमसाठी दोन सूत, म्हणजे ३¼ + ½ + ¼ = ४ इंच. ही तयार पाऊचची रुंदी. दोन्ही बाजूंना चार-चार सूत माया, म्हणजे कापायचे ५ इंच. लांबीचंही तसंच: ६¾ + ½ + ¼ = ७½ इंच तयार, वर-खाली माया धरून ८½.

प्लेन कापड असेल तर १६ इंच लांब एकच पट्टी घेऊन तळाशी घडी घालता येते, खालची शिलाई वाचते. पण खणावर बुट्टे उभे असतात. घडी घातली की मागच्या बाजूचे बुट्टे उलटे होतात, आणि गिऱ्हाईक आधी मागची बाजूच बघतं! म्हणून खणाचे पुढचा-मागचा असे दोन वेगळे तुकडे, दोन्हीवर बुट्टे सरळ.

फोम ४ मिमीचा पुरतो. जास्त जाड घेतला तर घरच्या मशीनला कडेची शिलाई झेपत नाही. खणाचे धागे फार सुटतात, म्हणून आधी मागून हलकं फ्युजिंग लावा. खण सिंथेटिक असेल तर वर सुती फडकं ठेवून इस्त्री करा. फोमवर मात्र इस्त्री कधीच नाही, तो वितळतो. आता कापड आणि फोम दोन्ही आधी ५½ × ९ इंच असे मोठे कापा, एकावर एक ठेवून क्विल्टिंगच्या टिपा मारा आणि मग ५ × ८½ ला नीट छाटा. टिपा मारल्यावर तुकडा थोडा आखडतो. आधीच नेमका कापला तर नंतर कमी पडतो. टिपा मधून सुरू करून कडेकडे, सुई १६ नंबरची, टाका मोठा. फोम मशीनला चिकटून पुढे सरकत नसेल तर खाली पातळ कागद ठेवा, नंतर फाडून काढा.

शिवताना एक युक्ती. पाऊच पूर्ण करून मग तोंडाला अस्तर लावायला गेलात तर एवढंसं तोंड मशीनखाली फिरत नाही. तोंड आधी शिवा. दोन तुकडे तळाला जोडून एक लांब पट्टी करा. अस्तराची पट्टी ५ × १५½ इंच, सुती असेल तर आधी भिजवून वाळवलेली. दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून पट्ट्यांची फक्त टोकं जोडा. मागच्या बाजूच्या टोकात मधोमध बटणाचा लूप घालायला विसरू नका. आता हे कडं असं पसरा की खण खणावर आणि अस्तर अस्तरावर येईल. दोन्ही कडांना सरळ टीप मारा, अस्तराच्या एका कडेला अडीच इंच जागा उघडी ठेवून. अस्तराच्या भागात टीप एक सूत आत घ्या, म्हणजे आत चुण्या पडत नाहीत. मायेतला फोम कापून टाका, कोपरे छाटा, उलटवा, उघडी जागा बंद करा.

बंद करायला लूप आणि साधं बटण बरं. वेल्क्रो खणाचे धागे ओढतो. चुंबकाचं बटण दिसतं भारी, पण त्याने फोनमधलं होकायंत्र चुकतं. आणि हो, फोन पाऊचमध्ये ठेवून चार्ज करू नका असं गिऱ्हाईकाला सांगा, फोममुळे उष्णता बाहेर पडत नाही.

आता पैसे. माझ्याकडच्या भावाने सांगते, तुमच्या गावात थोडं वर-खाली होईल. ३० इंच पन्ह्याच्या एक मीटर खणात १० पाऊच निघतात, २०० रुपये मीटरने नगाला २० रुपये. अस्तर ६, फोम ८, फ्युजिंग-बटण-लूप-दोरा ११. झाले ४५. एकत्र शिवायला बसलं तर एका पाऊचला २४ मिनिटं लागतात. तासाला १०० रुपये धरले तर मजुरी ४०. वीज, सुया, येणं-जाणं, वाया गेलेलं कापड यांचे १०. एकूण ९५. बऱ्याच जणी ४५ वर पंचवीस रुपये चढवून ७० ला देतात आणि म्हणतात, "घरीच तर शिवते ना ताई." मीही तेव्हा ७० लाच दिले होते! म्हणजे फजिती झाली नसती तरी त्या ऑर्डरमध्ये माझी मजुरी निघालीच नव्हती. आता सुटा नग १३० ला, ५० च्या वर ११५ ला देते. कुणी घासाघीस केली तर क्विल्टिंगच्या टिपा कमी करते, मजुरी नाही.

मोठी ऑर्डर आली की आधी एकच पाऊच शिवून गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या फोनवर, कव्हर न काढता, घालून बघायला सांगा. तो पसंत पडला की निम्मे पैसे आगाऊ घ्या, मगच उरलेलं कापड कापा.