‘आता घरी न्या’ म्हटल्यावर काय करायचं?



मागच्या पावसाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईने ३० हजारांचं कर्ज मागितलं. सासूबाईंना कॅन्सर होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ पण पाहुणे म्हणाले, शहरात दुसरीकडे दाखवून बघू. मी शेजारी बसून कर्जाचा अर्ज भरला, हप्ते किती ठेवायचे ते विचारलं. आजींना रात्री झोप लागते का, हे मात्र विचारलं नाही. तीन आठवड्यांनी आजी गेल्या. शेवटपर्यंत कण्हत होत्या. हप्ते अजून चालू आहेत.

ताईंनो, ‘घरी न्या’ म्हणजे आजार बरा होणार नाही, एवढंच. दुखणं कमी करता येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही.

दुखणं, धाप, उलटी, जखमेचा वास, मनाची भीती हे सगळं कमी करणाऱ्या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती मूळ आजारावरच्या उपचारांसोबतही घेता येते. शेवटच्या दिवसांत अशी काळजी घेणारी जागा म्हणजे हॉस्पिस. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांची मोफत सेवा होते.

पण प्रत्येकाला तिथे जाणं जमत नाही. बहुतेकांना आपल्याच घरात, आपल्या माणसांत राहायचं असतं. मग घरी काय करता येईल?

दुखण्याची गोळी वेळेवर द्या. दुखणं वाढेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा पाळा. फार दुखत असेल तर डॉक्टर मॉर्फिन देतात. ‘सवय लागेल’, ‘माणूस लवकर जाईल’ अशी भीती लोकांना वाटते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतलं तर घाबरायचं कारण नाही. त्याने पोट साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध मागून घ्या. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका.

कूस बदला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवा. पाठ, माकडहाड, टाचा रोज बघा. कातडी लाल दिसली तर तिथे चोळू नका, त्या जागेवर भार येऊ देऊ नका.

खाण्याची बळजबरी नको. शेवटी भूक आपोआप कमी होते. बळेच भरवलं तर ठसका लागतो. ओल्या स्वच्छ कापडाने ओठ आणि तोंड पुसत राहा.

बोला. कुणाला भेटायचंय, काय सांगायचं राहिलंय, ते विचारा. बँकेतली वारस नोंद, जमिनीचे कागद यांचंही शांतपणे विचारून ठेवा. हे विचारणं अशुभ नाही. मागे राहणाऱ्या बाईचे हाल त्याने वाचतात.

मदत कुठे मिळेल? केंद्र सरकारने २०१२ साली यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअर’ असं नाव घेऊन चौकशी करा. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांमध्येही ही काळजी येते. आधी आपल्या आशाताईंशी बोला.

आता गटाचं काम. आजारपणासाठी कर्ज मागणाऱ्या ताईला नाही म्हणू नका. पण आधी जवळ बसून तीन गोष्टी विचारा: डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं? दुखण्याचं औषध चालू आहे का? आणि तू स्वतः शेवटची नीट कधी झोपलीस?

तिसरा प्रश्न विसरू नका. सेवा करणारी सून, बायको, लेक महिनोन् महिने अर्धी झोप घेते. पाळी लावून दुपारी दोन तास तिच्या घरी बसा. बैठकीला आली नाही तर दंड लावू नका, असा ठराव करून ठेवा.

त्या दिवशी मी अर्ज भरला, तेव्हा हे मला माहीत असायला हवं होतं. म्हणून हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक