विश्वकिरण आणि अंतराळातील हिम

घन आंतरतारकीय मेघांच्या अंतर्भागात तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या थंडीत बहुतेक रासायनिक अभिक्रिया थबकायला हव्यात. तरीही तेथील धूलिकणांवर गोठलेले पाणी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, अमोनिया यांचे हिम हळूहळू बदलत राहते. या बदलामागील एक प्रमुख शक्ती म्हणजे विश्वकिरण.

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून केलेल्या निरीक्षणांनी विश्वकिरणांचा शोध लागला. त्यांत बहुतांश अतिवेगवान प्रोटॉन असतात. असा कण हिमात शिरला की वाटेतील रेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि रेणू तोडण्याचे बरेचसे काम हे दुय्यम इलेक्ट्रॉनच करतात. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. असे दोन मूलक जुळले तर हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. शेजारी कार्बन मोनॉक्साइड असेल तर कार्बन डायऑक्साइड. मिथेनमधील हायड्रोजन निसटत जातो, कार्बनच्या साखळ्या वाढतात आणि अखेरीस तांबूस, डांबरासारखा सेंद्रिय पदार्थ उरतो. न्यू होरायझन्स यानाने १ जानेवारी २०१९ रोजी जवळून पाहिलेल्या ॲरोकॉथ या सूर्यमालेच्या कडेच्या हिमाळ पिंडाचा लालसर रंग अशाच पदार्थांमुळे आला असावा, असे मानतात.

विश्वकिरणांचा एक परिणाम अप्रत्यक्ष आहे, आणि मला तो विशेष महत्त्वाचा वाटतो. घन मेघात ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश पोहोचत नाही. मात्र विश्वकिरणांनी मुक्त केलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतात आणि मेघाच्या आतच जंबुपार प्रकाश निर्माण होतो. प्रसाद आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तराफदार या संशोधकांनी १९८३ मध्ये ही प्रक्रिया मांडली. अंधाऱ्या मेघांतील हिमाच्या रसायनाचा विचार आज तिच्याविना होत नाही.

जंबुपार प्रकाश हिमाच्या अगदी वरच्या थरातच शोषला जातो. विश्वकिरण मात्र कित्येक मीटर खोल जातात, आणि त्यांचा परिणाम धूमकेतूंवरही होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या थ्रीआय/ॲटलास या आंतरतारकीय धूमकेतूभोवती जेम्स वेब दुर्बिणीला पाण्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड फार मोठ्या प्रमाणात आढळला. विश्वकिरणांच्या अब्जावधी वर्षांच्या माऱ्याने त्याचा १५ ते २० मीटर जाडीचा बाहेरचा थर बदलून गेला असावा, असे एक स्पष्टीकरण काही संशोधकांनी दिले आहे. ते खरे असेल, तर सूर्याच्या उष्णतेने त्यातून बाहेर पडणारा वायू धूमकेतूच्या जन्मस्थानापेक्षा त्याच्या प्रवासाचीच अधिक माहिती देतो.