विद्युत पंपाचे अर्थिंग आणि पायाखालची जमीन

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. दोन्ही तालुक्यांत पाऊस बेताचा असून शेतीची भिस्त विहिरी, नद्या व कालवे यांवर आहे. घोड, कुकडी, भीमा व मुळा-मुठा या नद्यांच्या काठी, तसेच खडकवासल्याहून इंदापूरकडे जाणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात विद्युत पंपांची संख्या मोठी आहे. पंप बसविताना शेतकरी मोटार, स्टार्टर व नळ यांची निवड काळजीपूर्वक करतो. अर्थिंगकडे मात्र त्याचे लक्ष शेवटी जाते. राहूच्या काळ्या रानात जी सळई ठोकली जाते, तीच मलठणच्या माळावरही ठोकली जाते. काम सारखे दिसते, परंतु फळ सारखे मिळत नाही. ही चूक पैशाची नसून प्राणाची आहे, म्हणून तिचा विचार प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने करणे अगत्याचे आहे.

अर्थिंगचे कार्य

मोटारीच्या आतील तारेचे वेष्टन जुने झाले, ओल शिरली किंवा उंदरांनी तार कुरतडली, म्हणजे वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर उतरते. अशा मोटारीस ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला, तर त्याचे शरीर हीच विजेची जमिनीकडे जाण्याची वाट होते. अर्थिंग ही विजेसाठी मुद्दाम केलेली दुसरी, अधिक सोपी वाट होय. या वाटेने पुरेसा मोठा प्रवाह वाहिला, म्हणजे फ्यूज वितळतो व पंप बंद पडतो.

म्हणजेच, तार जमिनीत नेऊन सोडली एवढ्याने अर्थिंगचे काम पुरे होत नाही. त्या वाटेने फ्यूज वितळण्याइतका प्रवाह वाहिला पाहिजे. तो किती वाहील, हे तारेपेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. माती विजेच्या प्रवाहास जो अडथळा करते त्यास रोध म्हणतात व तो ओहम या एककात मोजतात. ओली चिकण माती थोडा रोध करते, कोरडा मुरूम पुष्कळ करतो आणि कातळ तर त्याहूनही अधिक करतो.

एकच नळी, दोन जमिनी

एक उदाहरण घेऊ. ४० मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर म्हणजे सुमारे आठ फूट लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी ओल्या काळ्या जमिनीत उभी पुरली, तर तिचा रोध हिशेबाने सुमारे ३ ओहम येतो. तीच नळी मुरमात पुरली तर तो सहज ३३ ओहम भरतो. मुरूम अगदी कोरडा असल्यास तो याच्याही कितीतरी पट होऊ शकतो.

आता या दोन ठिकाणी मोटारीच्या अंगावर २३० व्होल्टची वीज उतरली असे समजू. रोहित्राजवळील अर्थिंग चांगले असेल, तर काळ्या जमिनीत चाळीस-पन्नास अँपिअर प्रवाह वाहतो व योग्य जाडीचा फ्यूज थोड्याच वेळात वितळतो. मुरमात मात्र केवळ सहा-सात अँपिअर प्रवाह वाहतो. पाच अश्वशक्तीची मोटार नित्य चालतानाच दर फेजला सात-आठ अँपिअर घेते. साहजिकच फ्यूज जागचा हलत नाही. पंप चालू राहतो, पाणी पडत राहते आणि मोटारीच्या अंगावर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब तसाच उभा राहतो. अर्थिंग केलेले आहे या भरवशावर शेतकरी निर्धास्त असतो. हाच खरा धोका होय.

नदीकाठची काळी जमीन

भीमा व मुळा-मुठेच्या काठची खोल काळी जमीन अर्थिंगला अनुकूल आहे. परंतु तिचाही एक दोष आहे. पावसाळ्यात ही जमीन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. नळीच्या सभोवती अशी भेग पडली, म्हणजे माती नळीपासून सुटते आणि आषाढात उत्तम असलेले अर्थिंग वैशाखात निकामी होते. यासाठी नळीचा अधिकात अधिक भाग भेगांच्या खाली, कायम ओल असलेल्या थरात जाईल असे पाहावे. वरचा तीन-चार फुटांचा भाग कोरडा राहत असेल, तर आठ फुटांवर न थांबता दहा-बारा फूट खोल जावे. खड्डा भरताना ढेकळे टाकू नयेत. बारीक माती थोडे थोडे पाणी देऊन थराथराने ठोकून बसवावी.

चोपण व वाळूची जमीन

कालव्याच्या पाण्याचा अतिवापर व निचऱ्याचा अभाव यांमुळे जेथे जमीन खारवट किंवा चोपण झाली आहे, तेथे रोध मुळातच कमी असतो. अशा ठिकाणी खड्ड्यात मीठ घालण्याची रूढी निरर्थक तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. खारवट ओल लोखंड झपाट्याने खाते. जमिनीवर दिसणारे नळीचे तोंड शाबूत असते, परंतु खालचा भाग गंजून तुटलेला असतो. येथे जाड मुलाम्याची नळी वापरावी आणि तारेचा सांधा दरवर्षी उघडून पाहावा.

नदीपात्रालगतच्या वाळूची गोष्ट निराळी आहे. पाण्याखाली असलेली वाळू बरी, परंतु पाणी उतरताच ती कोरडी पडते व तिचा रोध एकदम वाढतो. म्हणून उपसा पंपाचे अर्थिंग वाळूत न करता काठावरील मातीत करावे.

शिरूरचा मुरमाड माळ

पाबळ, मलठण, कवठे येमाई या बाजूच्या माळांवर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम व मुरमाखाली काळा कातळ असा प्रकार सर्रास आढळतो. कुकडीच्या पात्रात टाकळी हाजीजवळ जे रांजणखळगे पाहावयास मिळतात, ते याच कातळात पाण्याने कोरलेले आहेत. नळी तीन-चार फूट गेली की टणकन आवाज होतो. मग उरलेली नळी कापून काम उरकण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. येथे पुढील उपाय योजावेत.

पहिला उपाय, नळी कापण्याऐवजी ती तिरपी बसवावी. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक ३०४३ प्रथम १९६६ साली निघाले व २०१८ साली त्याची नवी आवृत्ती आली. कातळ लागल्यास नळी उभ्या रेषेशी ३० अंशांपर्यंत कलती ठेवावी, पण तिची लांबी अडीच मीटरपेक्षा कमी करू नये, असा संकेत त्यात पूर्वीपासून आहे.

दुसरा उपाय, खोल जाता येत नसेल तर लांब जावे. दोन फूट खोल चर खणून त्यात २५ मिलिमीटर रुंद व ४ मिलिमीटर जाड अशी मुलामा दिलेली लोखंडी पट्टी किमान १५ मीटर अंतर आडवी पुरावी. ज्या मुरमात एका नळीचा रोध ३३ ओहम येतो, त्यात अशा पट्टीचा रोध हिशेबाने सुमारे ११ ओहम येतो. चर पाटाच्या कडेने किंवा ओढ्याकडे नेला तर ओल टिकून अधिक लाभ होतो.

तिसरा उपाय, दोन-तीन नळ्या पुरून त्या एकमेकींस जोडाव्यात. त्यांतील अंतर नळीच्या लांबीइतके तरी असावे, दुप्पट असल्यास उत्तम. जवळजवळ पुरलेल्या नळ्या एकाच मातीवर भार टाकतात व खर्च वाया जातो.

चौथा उपाय, नळीभोवतीची माती बदलावी. रोधाचा मोठा भाग नळीलगतच्या वीतभर मातीतच असतो. मुरमात एक फूट रुंदीचे भोक घेऊन नळीभोवती नदीकाठची काळी माती ओली करून ठोकून भरली, तर रोध सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. बेंटोनाइट ही चिकण मातीही यासाठी वापरतात, कारण ती ओल धरून ठेवते. मीठ व लोणारी कोळसा घालण्याची पद्धत जुनी आहे. परंतु मुरमातून मीठ पावसाबरोबर वाहून जाते, म्हणून त्यावर कायमचा विश्वास ठेवू नये.

नवे पंपघर बांधावयाचे असेल, तर आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. अमेरिकेतील ॲरिझोना या कोरड्या प्रांतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कोठारांसाठी अर्थिंग हवे होते. तेथे अभियंता हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमधील लोखंडी सळयांचाच अर्थिंगसाठी उपयोग केला. जमिनीतील काँक्रीट ओल शोषून ती बराच काळ धरून ठेवते, हे त्यामागील कारण होय. पायातील किमान वीस फूट सळई सलग जोडून तिचे एक टोक बाहेर काढून ठेवल्यास माळावरील पंपघरासही हा लाभ मिळतो. मात्र हे काम काँक्रीट ओतण्यापूर्वीच करावयाचे असते.

फ्यूज जेथे अपुरा पडतो

इतके करूनही कोरड्या माळावर फ्यूज वितळण्याइतका रोध कमी होईलच असे नाही. अशा ठिकाणी गळती होताच वीज तोडणारे उपकरण, ज्यास बाजारात ई.एल.सी.बी. अथवा आर.सी.सी.बी. म्हणतात, ते बसविणे अत्यावश्यक आहे. मनुष्याच्या रक्षणासाठीचे उपकरण ३० मिलिअँपिअर गळतीस बंद पडते. म्हणजे जो प्रवाह फ्यूजला जाणवतही नाही, त्याच्या दोनशेव्या हिश्श्यावरच ते काम करते. मुरमातील सहा-सात अँपिअर त्यास भरपूर होतात. काळ्या जमिनीतही ते बसविणे हिताचे आहे. मात्र ते अर्थिंगच्या जागी नसून अर्थिंगच्या जोडीस आहे.

पूर्वी पंपास लोखंडी नळ असत व ते विहिरीच्या पाण्यात उतरलेले असत. त्यामुळे नकळत थोडे अर्थिंग होत असे. आता प्लास्टिकचे नळ आले व ती आडवाट बंद झाली. लोखंडी नळ काढून प्लास्टिकचा बसविणाऱ्याने अर्थिंग पुन्हा तपासलेच पाहिजे.

मोजमाप आणि दक्षता

अर्थिंग डोळ्यांनी कळत नाही, ते मोजावे लागते. त्यासाठी अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते. परवानाधारक तारतंत्र्याकडून काम करून घेताना रोधाचा आकडा मागून घ्यावा व तो पंपघराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावा. मोजणी एप्रिल-मे महिन्यांत करावी, कारण जमीन तेव्हा सर्वांत कोरडी असते. त्या वेळी जे अर्थिंग चांगले ठरते, ते बारा महिने चांगले राहते. तीन फेजच्या मोटारीस दोन स्वतंत्र अर्थिंग जोड असावेत, असा नियम आहे.

आणखी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालू नये. एक फेज व अर्थिंग यांवर दिवा लावू नये, कारण त्यामुळे नळी व तिच्या भोवतालची जमीन यांत वीज खेळू लागते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावयाचे असेल तर आधी मुख्य स्विच बंद करावा. नळीजवळ जनावर बांधू नये. बैलाच्या पुढील व मागील पायांत अंतर अधिक असल्याने जमिनीतील विजेचा धक्का त्यास माणसापेक्षा अधिक बसतो. रोहित्राजवळील अर्थिंग तुटलेले दिसल्यास त्यास हात न लावता महावितरणला कळवावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात आपल्या गावातील पंपांची यादी करून प्रत्येकापुढे जमिनीचा प्रकार, अर्थिंगची पद्धत व मोजलेला रोध यांची नोंद केल्यास मोठेच कार्य होईल. पिकाची निवड जमीन पाहून करावी, हे शेतकऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. तोच न्याय त्याने अर्थिंगलाही लावावा. पेरणीतील चूक पुढील हंगामात सुधारता येते, येथील चूक सुधारण्यास दुसरी संधी मिळत नाही.